ताळेबंदात न धरलेली रोपं

आमच्या पाथर्डीकडच्या गावात पावसाळा सरला की पाण्याचा ताळेबंद शाळेच्या भिंतीवर लिहितात. पाऊस किती झाला, माणसांना, जनावरांना, पिकांना पाणी किती लागेल. डोंगरावर पहिल्यांदा झाडं लावली त्या वर्षी तो मीच केला होता. मी तेव्हा पंचायतीत नवी निवडून आलेली बाई, नाकावर माशी बसू देत नव्हते. शेळ्या मोजल्या, कोंबड्या मोजल्या, जत्रेला येणाऱ्या जावयांचंसुद्धा पाणी धरलं. रोपांचं धरलं नाही. म्हणाले, "रानातलं झाड हाय, त्याचं ते बघंल." काय ती अक्कल!

होळीपर्यंत सगळी रोपं वाळली. मी ती उपटून चुलीत घातली. रडूबिडू काही आलं नाही.

यंदा पावसाळ्यात डोंगरावर पुन्हा रोपं लावली. परवा ताळेबंदाची ग्रामसभा झाली. मी म्हणाले, "आधी रोपांचं पाणी लिवा."

मागून एक जण ओरडला, "आजे, त्यांचं रेशनकार्ड बी काढू का?"

"काढ. तुझ्या घरात नावं लाव. तुझ्यापरीस कमीच पितील."

सभा हसली. सरपंचबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, पाणी हाय तेवढंच हाय. कुणाचं कमी करू?"



"माझा उन्हाळी कांदा खोड," मी म्हणाले.

त्यांनी खोडला. शेजारी बसलेल्या सुनेनं मान फिरवली. मला वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. घरी आल्यावर तिनं आधीच आणून ठेवलेलं कांद्याचं बी माझ्याशी न बोलता शेजारणीला देऊन टाकलं.