रेतीत हात घालणारा झिरेबुढा

झिरेबुढ्याचा उजवा हात डाव्यापेक्षा गोरा होता. मनगटापासून कोपरापर्यंत त्यावर केस म्हणून नव्हता. सारी उमर त्यानं तो हात नदीच्या रेतीत घातला आणि काढला, म्हणून रेतीनं तो घासून ठेवला होता. गावात नवा पाहुणा आला की आधी त्या हाताकडं पाहायचा, मग त्याच्या तोंडाकडं. तोंड पाहून परत हाताकडं पाहायचा, कारण तोंड फार कडू होतं.

आमचं गाव नांदुऱ्यापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर, नदीच्या काठाला. पाणी ओसरलं की पौषात माळ्यांची घरं पात्रातल्या रेतीत टरबूज-डांगराच्या वाड्या लावायची. जागा झिरेबुढा दाखवायचा. रेतीवर पालथा पडून तो हात आत घालायचा आणि बोटाला झिरा, म्हणजे रेतीतलं पाणी, लागलं की थांबायचा. पाणी मनगटावर लागलं तर म्हणायचा, "इथं वेल सडते." कोपरावर लागलं तर, "लावा." बगलेपर्यंत हात गेला तर उठून हात झटकायचा आणि पुढं व्हायचा. कोणत्या साली कुठं कोपर आणि कुठं बगल, सारं तोंडपाठ. अक्षर मात्र एक येत नव्हतं. मी तिसरी पास. दोघांत शहाणा कोण, हे तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी छाती पुढं काढली असती.

मला तो मास्तर म्हणायचा, आणि ते इज्जतीनं नव्हे. मी ओट्यावर कोणाचं पत्र वाचून दाखवत बसलो की जाता जाता थांबायचा. "काऊन बे मास्तर, आज कोनाच्या घरची बातमी गावाले वाटून राह्यला?" मी म्हणायचो, "काका, तुमाले वाचता येत नाई म्हणून जळता." तो म्हणायचा, "मले नदी वाचता येते. तिच्यात कोनी खोटं लिहत नाई." पायात कधी जोडा नाही, डोक्याला फाटका शेला, आणि असं बोलायचा की जसा सारा जिल्हा त्याच्या घरी भाकर मागायला येतो.

नवीन राज्य झालं आणि जिकडं तिकडं पूल, कचेऱ्या, सडका सुरू झाल्या. त्याला रेती पाहिजे. एक ठेकेदार आमच्या पात्राचा पट्टा घेऊन आला. पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि दात असे की पान खाण्यासाठीच जन्म झाला. पट्ट्यात लिहिलं होतं, वरची हातभर रेती. त्यानं पुरुषभर खोल काढली. पट्ट्याच्या हद्दीला सरकारी खांब गाडला होता, तो दर महिन्याला वरच्या अंगाला सरकायचा. खांबाला पाय फुटलेले मी आमच्याच गावी पाहिले. रेती वाहायला बैलगाड्या कोणाच्या, तर आमच्या गावच्या. जे लोक सकाळी नदीला माय म्हणून पाया पडत, तेच दुपारी फावड्यानं तिची चामडी सोलत. झिरेबुढा काठावर उभा राहून एकेकाचं नाव घेऊन विचारायचा, "गाडीत काय हाय रे?" गाडीवाला म्हणायचा, "रेती, काका." "नाई. तुह्या विहिरीचं पानी हाय."

लोक हसायचे. दोन उन्हाळ्यांत काठावरच्या मळ्यांतल्या मोटा रिकाम्या वर येऊ लागल्या, वांग्या-मिरच्यांची रोपं वाळली, तेव्हा हसणं कमी झालं. गाड्या हाकणं मात्र कमी झालं नाही.

पट्ट्याची मुदत सरत आली. मुदतवाढ द्यायची तर जागेचा पंचनामा पाहिजे, की नदीला काही अपाय नाही, पाणी ठीक आहे. कचेरीतला साहेब आला तो भाद्रपदात. नदी दोन्ही काठ भरून चाललेली. साहेबानं छत्रीतून पाहिलं, पटवाऱ्यानं लिहिलं: पात्रात पाणी मुबलक. पंच म्हणून मला बोलावलं, कारण गावात झोकदार सही माझीच. मी कागद नीट वाचला. खोटं एक अक्षर नव्हतं. पाणी डोळ्यापुढं वाहत होतं. मी सही केली, आणि खाली एक रेघही ओढली.

झिरेबुढ्याला अंगठा मागितला. त्यानं हात पाठीमागं घेतला.

"साहेब, पावसात तं माह्या पाठीवरही पानी हाय," तो म्हणाला. "तिच्यावर टरबूज लावता का? चैतात या. मंग पाहा."

साहेब म्हणाला, "म्हाताऱ्या, सरकार तुझ्या सोयीनं चालत नाही."

"थे दिसूनच राह्यलं," बुढा म्हणाला आणि चालू लागला.

त्याच्या अंगठ्यावाचून काही अडलं नाही. माझ्या सहीवर मुदतवाढ झाली. त्या पौषात आमच्या गावात वाडी लागली नाही. खड्ड्यांत खाली काळी चिकण माती दिसायला लागली, तिच्यात काय लावणार. डांगर नांदुऱ्याच्या बाजारातून विकत आणलं, माळ्यांनी. हे लिहितानाही मला शरम वाटते, पण लिहितो.

तीन मळेवाले आणि झिरेबुढा मिळून तालुक्याच्या कोर्टात गेले. ठेकेदाराच्या वकिलानं माझा पंचनामा काढला. आता मला साक्षीला बोलावणं. मी घरात सांगितलं, सही माझी आहे, खरी आहे, मी ती खोटी म्हणणार नाही, मग जग इकडचं तिकडं होवो. गावानं माझ्याशी बोलणं टाकलं. ज्यांच्या गाड्या रेती वाहत होत्या, त्यांनीही टाकलं, हे विशेष.

पेशीच्या, म्हणजे कोर्टाच्या तारखेच्या, आदल्या संध्याकाळी झिरेबुढा ओट्यावर येऊन बसला. मी शिव्यांची वाट पाहत होतो.

"मास्तर, तुह्यी सही खोटी नाई," तो म्हणाला. "तिचा मयना खोटा हाय. कोर्टात तेवढा मयना सांग. बाकी तुह्यी अकड तुह्याजवळ ठेव, तिच्यावाचून तू मरशीन."

मी चहा पुढं केला. त्यानं फुंकर न मारता पिऊन टाकला आणि गेला.

कोर्टात मी तेवढंच सांगितलं. सही माझी, पाणी मी पाहिलं, महिना भाद्रपद. मग बुढ्याची पाळी. ठेकेदाराचा वकील मोठा हुशार, काळा कोट आणि नाक वर. त्यानं विचारलं, "तुमचा हात म्हणजे सरकारी माप आहे काय?"

बुढ्यानं बाही वर केली. "सरकारी खांब चालतो, साहेब. माहा हात खांद्याले बांधला हाय. त्यानं जागा सोडली नाई."

"म्हणजे तुम्ही सांगाल तेच खरं?"

"मी काई सांगून नाई राह्यलो. तुमी चैतात या आन् हात घाला. तुमचाबी चालते. फक्त कोट काढा लागते."

न्यायाधीश हसला नाही, पण मान खाली घालून बराच वेळ काहीतरी लिहीत राहिला. त्यानं चैत्रात जागा तपासायला कोर्टाचा कमिशनर पाठवला. तो बिचारा खरंच पालथा पडला. बगलेपर्यंत हात घातला, पाणी नाही. कंबरभर खणलं, पाणी नाही. ठेकेदाराचा वकील छत्रीखाली उभा होता, त्याला बुढा म्हणाला, "या न साहेब. लाजू नका, नदी कोनाले सांगत नाई."

निकाल आला. पुरातल्या पाण्याचा पंचनामा उन्हाळ्यातल्या पाण्याचा पुरावा नाही. काठावरच्या लोकांना न विचारता दिलेली मुदतवाढ त्यांच्या पाण्यावर चालणार नाही. ठेकेदाराला रेती उचलायला कायमची मनाई. ठेकेदार वरच्या कोर्टात गेला, तिथंही तेच. गावानं गुलाल आणला, हार आणला. हार घेऊन पुढं कोण, तर ज्याच्या चार गाड्या ठेक्यावर होत्या तो. झिरेबुढ्यानं हार हातात घेतला, त्याच्याच बैलाच्या गळ्यात घातला आणि म्हणाला, "मेहनत यानं केली."

पण निकालानं रेती परत येत नाही. पात्रात नुसते खड्डे. बुढ्याला जमीन नव्हती, जी होती ती नदीत होती. तो मेहकरला पोरीकडं निघाला. मोटारीपर्यंत मी त्याचं गाठोडं नेलं. "रेती आली म्हनजे पत्र टाक," तो म्हणाला. "लवकर टाकू नको. तुले घाई असते."

तीन पावसाळे मी थांबलो. चौथ्या साली पात्र पांढरं दिसलं, मी कार्ड टाकलं. तो आला. रेतीवर उकिडवा बसला, मूठ भरली, अंगठ्यानं चोळली आणि माझ्या हातावर ठेवली. "हा गाळ हाय, मास्तर. वरून रंग लागला. रेतीले टाइम हाय." मी म्हटलं, आलात तर जेवून जा. तो म्हणाला, "मोटार जाईन," आणि गेला. ते शेवटचं. दुसऱ्या वर्षी पोरीचं कार्ड आलं. ते मी कोणाला वाचून दाखवलं नाही.

रेती पुढं आली, चांगली जाड, खळखळ वाजणारी. माळ्यांनी वाड्या धरल्या, जागा मात्र आता अंदाजानं आणि भांडून ठरते. आणि रेती आलेली पाहून नव्या पट्ट्यासाठी पहिला अर्ज कोणी करावा? बैलाला हार घालून घेणाऱ्यानं. काठावरच्या लोकांची हरकत नाही, असा कागद घेऊन तो माझ्या ओट्यावर आला. तुमची सही झोकदार आहे म्हणाला. मी त्याला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही, आणि तो पायऱ्या उतरेपर्यंत उभा राहून पाहत राहिलो. आमच्या घरून असा कोणी कधी गेला नव्हता. घरचे म्हणाले, हे बरं दिसत नाही. न दिसो.