काठ्या दोन्हीकडे पाहिजेत

जगात कुठेही युद्ध व्हायचे असले की ते आधी आमच्या चुलत सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, कळायचे आणि मग लढणाऱ्यांना, असे आमच्या गावात म्हणत. साखऱ्याच्या अलीकडचे आमचे हे पावसावर पिकणारे गाव, इथल्या माणसाला रशियाचे काय? पण मामंजी औत हाकतानाही रेडिओ जुवाला बांधत. बैलांना इतकी सवय झाली होती की बातम्या संपल्या की ते आपोआप थांबत. जेवायला बसले की मामंजी ताटात जग मांडत. कांदा म्हणजे अमेरिका, ठेचा म्हणजे रशिया, मधली भाकर म्हणजे बाकीचे सगळे. घरात दुसरे कोणी ऐकत नसे आणि मला नव्या सुनेला निघून जाता येत नसे, म्हणून मी दाराआड उभी राहून ऐकायची.

"सूनबाई, ध्यान दे. कांदा ठेच्याला मारत न्हाई, ठेचा कांद्याला मारत न्हाई. मग मरते कोण?"

"भाकर," मी म्हणायची.

"बराबर!" म्हणून ते भाकर मोडत. रशिया फुटला त्या दिवशी त्यांनी ठेच्याला हात लावला नाही. सुतक आहे म्हणाले.

त्यांचे म्हणणे असे की लढाई कोणालाच नको असते. जो वर आहे त्याला खाली यायचे भ्याव, जो चढतो आहे त्याला वाटते हा मला चढू देत नाही. दोघेही भितात आणि दोघेही त्याला इज्जत म्हणतात. हे सांगायला त्यांना लांब जावे लागत नसे. आमच्या गावातही दोन मोठी घरे होती, वरचे आणि खालचे. पोळ्याचा मान वरच्यांचा. त्यांची बैलजोडी मारुतीपुढच्या तोरणाखालून आधी जायची, मग गावाची. पुढे खालच्यांनी सेनगावात अडत टाकली, ट्रॅक्टर घेतला आणि विचारू लागले, मान आमचा काहून न्हाई? गावातली बाकीची घरे कोणी इकडे बांधलेली, कोणी तिकडे. आम्ही वरच्यांचे. मामंजींची एकुलती लेक कमलताई मात्र खालच्यांच्या माणसांत दिलेली, आमच्यापासून चार घरे सोडून. पंचमीला लेक पायी माहेरी येते, असे सुख राजालाही नाही, असे ते म्हणत. म्हणून ही लढाई टळावी यासाठी गावात कोणाचा जीव सगळ्यांत जास्त तुटत असेल तर त्यांचा.

आपण आणि शेजारच्या देशाने अणुबाँब फोडून पाहिले त्या उन्हाळ्यात त्यांना तोड सापडली. "आता लढाई व्हत न्हाई. दोघांकडंबी हाय म्हणल्यावर हात कोण उचलंल?" ते वरच्या घरी गेले आणि दारात चार काठ्या दिसू द्या म्हणाले. व्याह्यांकरवी खालच्यांनाही तेच सांगितले. ही मसलत दोन्ही घरांनी जितक्या आनंदाने ऐकली, तितकी त्यांची दुसरी कोणतीच ऐकली नव्हती. चाराच्या दहा झाल्या, काठ्यांच्या शेजारी कुऱ्हाडी आल्या. समोर किती आहेत हे दोघेही मामंजींनाच विचारत आणि मामंजी दोघांनाही खरे सांगत, पुरते भ्याव बसावे म्हणून.

चुलत सासूबाई एकदा म्हणाल्या, "आवं, तुमी आग इझवून राहिले का फुकून राहिले?"

"तुला राजकारण कळत न्हाई," मामंजी म्हणाले.

पोळ्याला दोन्ही जोड्या तोरणापुढे खेटून उभ्या राहिल्या. मारायचे कोणाच्याच मनात नव्हते, हे मी आजही सांगेन. पण हलगी वाजली आणि गर्दीत एक बैल बिथरून खालच्यांच्या जोडीत घुसला. तो मामंजींचा होता. कोणाचा बैल, कशाने बिथरला, हे विचारायला कोणी थांबले नाही. काठ्या हातातच होत्या. आमच्या माणसांची डोकी फुटली आणि कमलताईच्या सासऱ्यांचा डोळा गेला. दोन्ही मोठे पारावर उभे होते. त्यांच्या फेट्याची घडीही मोडली नाही. त्या दिवसापासून कमलताईचे माहेर बंद झाले.

काही वर्षांनी निवडणूक आली. वरच्या आणि खालच्या घरांनी एकच पॅनेल केले, मान एक साल याचा, एक साल त्याचा ठरवला, आणि दोघे एका जीपमध्ये फिरू लागले. मामंजींना वाटले, सुटलो. पंचमीच्या आदल्या दिवशी धुतलेले धोतर नेसून ते लेकीला आणायला गेले.

व्याही ओट्यावर बसले होते. मामंजी उभ्यानेच म्हणाले, "व्याही, मोठ्यायचं मिटलं."

"व्हय," व्याही म्हणाले. "त्यायचे डोळे शाबूत हायेत."

बसा कोणी म्हणाले नाही. मामंजी परत आले. चुलत सासूबाईंनी पुरणाची डाळ शिजत घातली होती, ती त्यांनी चुलीवरून उतरवून ठेवली.

आता आमच्या घरात नळ आला आहे. तरी सकाळी कमलताई हापशावर येते त्या वेळी मामंजी तिथे असतात. ती घागर लावते, ते हापसतात. बोलत कोणीच नाही, तिच्या घरचे कोणी ना कोणी बघत असते. येणारे-जाणारे हसतात, "काय आबा, बायायचं काम करून राहिले?"

"गुडघे मोकळे करून राहिलो," मामंजी म्हणतात.

परवा नळाला पाणी नव्हते म्हणून मी माझी कळशी घेऊन मागे उभी होते. घागर भरली, पाणी काठावरून वाहू लागले. कमलताई ती बाजूला घेईना, आणि मामंजी हापसतच राहिले.