भिंतीतला पिंपळ आणि आमच्या सिस्टर

"सरका गा जरा!"

एवढं ऐकू आलं की सिस्टर आल्या हे मान वर न करता कळायचं. सरकारी दवाखान्यात खाटेभोवती कोंडाळं करून बसणाऱ्या नातेवाइकांना हटवता हटवता हे शब्द त्यांच्या तोंडात बसले ते बसलेच. नळावर सरका गा जरा, एसटीत सरका गा जरा. एकदा आमच्या दारात गाय आडवी बसली होती, शेपटी पिरगाळली तरी उठेना. तिला सिस्टर "सरक वं जरा" म्हणाल्या आणि गाय खरंच सरकली. तुमच्याही पाहण्यात अशी एखादी बाई असेल. तिचं ऐकायचं नाही असं ठरवून आपण उभे राहतो आणि मग बघतो तर आपण बाजूला झालेले असतो.

मी लग्न होऊन नागपुरात अजनीला आले ती सत्तर सालच्या आसपास. जुळं घर होतं. एका अर्ध्यात आम्ही, दुसऱ्या अर्ध्यात सिस्टर. मागची दोन अंगणं मधल्या एका भिंतीनं वेगळी केलेली. सिस्टर एकट्या राहत; नवरा गेलेला, मुलगा बाहेरगावी शिकायला. त्यांच्या घरात कोनाड्यात बुद्धाची लहानशी मूर्ती होती. आमच्या घरात देवांची इतकी गर्दी होती की सिस्टर एकदा देव्हाऱ्यात डोकावून म्हणाल्या, "यायलेही सरका म्हणा लागते."

आमच्या सासूबाई म्हणजे भोसल्यांच्या काळापासून नागपुरात असलेल्या घराण्यातल्या. हे त्या स्वतःच दिवसातून एकदा तरी सांगत. त्यांना अशक्तपणाची इंजेक्शनं सिस्टर आपल्या घरी देत. "डास चावला समजा" म्हणत आणि समजायच्या आत सुई टोचून मोकळ्या होत. मग आग्रह करत, "काकू, चहा घ्या ना."

"आज उपास आहे," सासूबाई म्हणत.

"उपासाले चहा चालते ना?"

"आमच्यात नाही चालत."

आणि घरी येऊन उपासाचे दोन कप रिचवत. उपासाला चहा चालतो हे साऱ्या मुलखाला ठाऊक. सिस्टरांनाही ठाऊक होतं. तरी त्या दर वेळी विचारत, आणि दर वेळी सासूबाईंना उपास असे.

तर एका उन्हाळ्यात मधल्या भिंतीच्या माथ्यावर पिंपळ उगवला. कुठल्या पाखरानं बी टाकलं असेल. तांबूस कोवळी पानं वाऱ्यानं सारखी थरथरत. सासूबाईंनी लगेच जाहीर केलं की याच्यावर आता मुंजा येणार. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी मेलेला बटू. तो पिंपळावर राहतो आणि झाड तोडणाऱ्याला धरतो. म्हणून सासूबाई गुपचूप देवपूजेचं पाणी त्याच्या मुळाशी घालू लागल्या. पलीकडून सिस्टरही घालत होत्या, कारण पिंपळ म्हणजे बोधिवृक्ष. दोघींना एकमेकींचा पत्ता नव्हता. भर उन्हाळ्यात दोन्हीकडून पाणी मिळाल्यावर ते रोप फोफावलं नसतं तरच नवल. मला दोन्ही दिसत होतं, पण मी सून होते, गप्प बसले.

दोन वर्षांत भिंतीला तडा गेला आणि सरकत सरकत आमच्या न्हाणीघरापर्यंत आला. घरमालक कामठीचे, त्यांचे कापडाचे माग होते. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. ते स्कूटरवरून आले, तडा पाहिला आणि म्हणाले, "बारिश के पहले ये पीपल निकालो. दीवार गिरेगी तो दोनों घर खाली करने पड़ेंगे."

"मग तुम्हीच काढा," सासूबाई म्हणाल्या.

चाचा दोन पावलं मागे झाले. "मैं? ना बाबा. अम्मी कहती थी, पीपल पे जिन्नात रहते हैं."

त्यांनी गवंडी पाठवला. त्यानं पिंपळाला हात जोडले आणि थापी घेऊन आल्या वाटेनं निघून गेला. आता बघा, एवढंसं रोप. एकीचा मुंजा, एकाचे जिन्नात, एकीचे भगवान बुद्ध. बी टाकणाऱ्या पाखराला यातलं काही माहीत असेल असं वाटत नाही.

आभाळ भरून येऊ लागलं तशा सासूबाई अस्वस्थ झाल्या. एका संध्याकाळी भिंतीपाशी उभ्या राहून त्या अगदी सहज म्हणाल्या, "सिस्टर, पूर्वी तुमच्यातलेच कोणी तरी करत ना हे काम? बोलवा ना कोणाला."

सिस्टर दोरीवरचे कपडे काढत होत्या. त्यांचे हात थांबले.

"करत होते ना, काकू. माझे बाबाच करत होते."

त्यांचं गाव नरखेडकडचं. तिथं कोणाच्या विहिरीत, कोणाच्या घराच्या भिंतीत पिंपळ उगवला की त्यांच्या बाबांना बोलावणं येई. "मुंजा धरन तर याले धरू दे, असा हिशेब. बाबा उपटून येत अन् रातच्याले तापानं फणफणत. मी कपाळावर ओलं फडकं ठेवत बसो. त्यायले का भेव नव्हतं, काकू? पण विचारते कोण?"

सासूबाईंनी भिंतीवर टेकवलेला हात काढून घेतला.

"मंग बाबा नागपूरले येऊन दीक्षा घेऊन गेले. त्यायले तिथं कोणी सांगितलं, भगवंताले ज्ञान झालं ते याच झाडाखाली. बाबा हासत सुटले. म्हणे, सारी जिंदगी हेच उपटून राहिलो, मले आधी काहून नाही सांगितलं कोणी? जाताना कोणाच्या भिंतीतलं एक रोप घेऊन गेले अन् आपल्या दारात लावलं. त्या दिवशी ताप नाही आला." त्यांनी कपडे खांद्यावर टाकले. "भिंत पडली तर पडू द्या. घर सोडा लागलं तर सोडीन. पण मी नाही उपटणार, अन् कोणाले बोलवणारही नाही."

त्यानंतर चार-पाच दिवस सासूबाई घरात कोणाशी धड बोलल्या नाहीत. देवपूजा झाली की नुसत्या बसून राहत. मला वाटलं, राग आला. तो राग नव्हता.

शनिवारी सकाळी आंघोळ करून, पदर खोचून, हातात खुरपं घेऊन त्या अंगणात आल्या आणि मला म्हणाल्या, "स्टूल आण." साठी उलटलेली बाई स्टुलावर चढली. स्टूल डुगडुगत होतं, ओठ काही तरी पुटपुटत होते. आम्हाला पाहून सिस्टर पलीकडून धावत आल्या.

"काकू, पडान! सरका गा जरा, मी पाहतो."

"तुम्ही हात लावायचा नाही!" सासूबाई ओरडल्या. इतक्या मोठ्यानं ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "तुमच्या बाबांनी पुष्कळ काढले. हा मी काढणार. धरला तर मला धरू दे."

उभ्या आयुष्यात सिस्टर तेवढ्या एकदाच गप्प सरकल्या. त्यांनी स्टूल घट्ट धरलं. सासूबाई विटा उकरत होत्या, रडत होत्या, आणि मुंज्याची क्षमा मागत होत्या. रोप मुळांसकट निघालं. रॉकेलच्या कापलेल्या डब्यात माती भरून ते आम्ही गल्लीच्या तोंडाशी नळाजवळ नेऊन जमिनीत लावलं.

परत येताना सिस्टरांनी विचारलं, "काकू, चहा?"

शनिवार होता, त्या दिवशी खरोखरच उपास होता. सासूबाई सिस्टरांच्या घरात गेल्या आणि बशीत ओतून सगळा चहा प्याल्या. म्हणाल्या, "साखर जास्त झाली."

संध्याकाळपर्यंत मात्र त्यांनी तीनदा ताप बघायला लावला. तिसऱ्यांदा थर्मामीटर झटकून सिस्टर म्हणाल्या, "काही नाही. मुंज्याले तुम्ही पसंत नाही, काकू."

पुढं पिंपळ वाढला. शनिवारी सासूबाई त्याला सूत गुंडाळत, पौर्णिमेला सिस्टर मेणबत्ती लावत. चाचा लांबूनच सलाम करत, पण स्कूटर त्याच्याच सावलीत लावत. मेणबत्ती पेटवताना सिस्टर हमखास वर पाहून म्हणत, "मुंज्या, सरक गा जरा. भगवंताले टेकायले जागा दे."

"सरकायला तो काय तुमच्या वॉर्डातला पेशंट आहे?" सासूबाई चिडत. चिडून झालं की वाऱ्याच्या बाजूला उभ्या राहून पदराचा आडोसा धरत.

निवृत्त झाल्यावर सिस्टर मुलाकडे खापरखेड्याला गेल्या. तिथल्या वीजघरात त्याला नोकरी होती. वर्षभरानं मुलगाच सांगायला आला, आई गेली म्हणून. झोपेतच गेल्या. सासूबाईंनी त्याला चहा दिला, साखर जास्त घालून. तो गेल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. मला तर कितीतरी दिवस नळावर गर्दी दिसली की कान लागायचे.

नंतरच्या पौर्णिमेला सासूबाईंनी फडताळातून मेणबत्ती काढली. आता त्यांना नीट दिसत नव्हतं. माझा हात धरून त्या नळापर्यंत आल्या. मी काडी ओढली, त्यांनी पदराचा आडोसा धरला. ज्योत स्थिर झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"मुंज्या, सरक गा जरा," त्या म्हणाल्या. "सिस्टर येऊन राहिल्या."