बोटांवरचं खरं

तामाएला एका जागी बसवत नसे. बाबांचे डोळे आधीच गेले होते, मग कानही गेले, आणि ओसाकातल्या त्या दोन खोल्यांत त्यांच्याशी दिवसभर बोलायचं काम तिच्या गळ्यात पडलं. बोलायचं म्हणजे ब्रेलच्या सहा ठिपक्यांसाठी त्यांच्या सहा बोटांवर आपल्या बोटांनी टकटक करत राहायचं. हात मोकळे नाहीत आणि पायही.

शेवटी तिनं एक पेटी बनवली. फोनमध्ये बोललं की पेटीतल्या सहा खुंट्या बाबांच्या बोटांना खालून तेच शब्द टोचत. आता कुठूनही बोलता येणार होतं.

पहिल्याच दिवशी बाबा खो खो हसले. "हा कुठला बँकेतला कारकून बोलतोय?"

"मीच बोलतेय, बाबा!" ती स्वयंपाकघरातून फोनमध्ये ओरडली. खुंट्या मात्र शांतपणेच वर आल्या.

फेऱ्या मारता मारता तिचा चहा गार झाला. मग इतके दिवस टाळत आलेलं तिनं एका दमात फोनमध्ये सांगून टाकलं. "टोकियोला नोकरी मिळालीय. दोनच महिन्यांसाठी. लगेच परत येईन."

बाबांनी बोटं उचलली. "झकास बोलते हो तुझी पेटी. अडखळत नाही, थरथरत नाही." त्यांनी पेटी बाजूला सारली आणि दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. "आता इकडे ये, आणि हेच माझ्या बोटांवर सांग."

तामाएनं बोटं टेकवली. एकही उचलेना.

"किती वर्षं?" बाबांनी विचारलं.