तात्यांची पोच

तात्या गेल्याचा मेल कंपनीत सगळ्यांना मिळाला.

तात्यांना नाही मिळाला. त्यांचा मेलबॉक्स फुल होता.

ऑल स्टाफच्या लिस्टमध्ये त्यांचं नाव अजून होतं. एचआरने शोकसंदेश पाठवला आणि त्यांच्या नावाचा मेल उलटा परत आला. समोरच्याच्या मेलबॉक्समध्ये जागा शिल्लक नाही म्हणे. एचआरच्या मॅडमनी तो मला फॉरवर्ड केला. वर एवढंच, "हे बघशील का प्लीज?"

बघते. नोकरी लागल्यापासून तेच बघतेय.

नारायणगावजवळच्या एका भाजीपाला एक्स्पोर्टच्या कंपनीत मी आयटी सांभाळते. गावी निरगुडसरला आई सगळ्यांना सांगते, पोरगी मोठ्या कॉम्प्युटरवर आहे. खरं काम म्हणजे कोणाचा मेलबॉक्स भरला ते बघा, जुने मेल आर्काइव्हला टाका, नको ते डिलीट करा म्हणून लोकांच्या मागे लागा. उकिरडा उपसायचं काम, फक्त एसीत बसून.

आणि त्यात तात्या माझी कायमची डोकेदुखी.

डिंगोऱ्याचे. डिस्पॅच त्यांच्याकडे. कोणती गाडी कधी भरायची, कुठला माल कोल्ड स्टोरेजला ठेवायचा, सगळं तेच बघायचे. कॉम्प्युटर उतारवयात शिकले, पण आपल्या पद्धतीने.

आलेल्या प्रत्येक मेलला तात्या पोच द्यायचे.

"मिळालं. रामराम."

तीसुद्धा रिप्लाय करून नाही, फॉरवर्ड करून. कारण रिप्लाय केला की अटॅचमेंट सोबत जात नाही.

"तात्या, त्याने पाठवलेले फोटो त्यालाच परत कशाला?"

"आपल्याला काय मिळालं ते त्याला दिसाया नको? उद्या म्हनंल, मी टमाट्याचे फोटो धाडले व्हते, तुमी मिरचीचे म्हनता."



दिवाळीच्या शुभेच्छा आल्या की सगळ्या स्टाफला पोच, ग्रीटिंगसकट. मग सगळ्यांचे मेलबॉक्स तुंबायचे आणि माझा फोन दिवसभर खणखणायचा. शेवटी साहेबांनी ऑल स्टाफच्या मेलला उत्तर देणंच बंद करायला सांगितलं. मी केलं. गरजच होती, आजही तेच करेन.

तात्यांना फरक पडला नाही. ते एकेकाला वेगळं फॉरवर्ड करायला लागले.

मेलबॉक्स भरत आला की सिस्टीम आपोआप वॉर्निंग पाठवते. त्याला कोणी उत्तर देत नाही, देऊही नये. तात्या तिलाही पोच द्यायचे. ती येऊन पडायची माझ्याकडे.

"तात्या, ते मशीन आहे हो."

"असंल. पन रोज हाक मारतंय ना? हाक मारली तर ओ द्यावी, ताई. न्हायतर त्याला वाटतं, हितं कोनी न्हाईच."

"आणि डिलीट कधी करणार?"

"करू की. कांदं निघूंद्या."

कांदे निघाले. मग टोमॅटो लागले. डिलीट काही झालं नाही. "ताई, वाईच जागा वाढवून द्या," म्हणून माझ्या टेबलाशी उभे राहायचे. मी नाही म्हणायचे. नियम सगळ्यांना सारखा. मग तात्या हसून म्हणायचे, "लई कडक हाये आमची ताई," आणि जाऊन पुन्हा कोणालातरी पोच द्यायचे.

मागच्या रविवारी तात्या शेतातली पाण्याची मोटार चालू करायला गेले आणि तिथेच खाली बसले. हार्ट अटॅक. दवाखान्यात पोचायच्या आत संपलं.

आज साहेब म्हणाले, "तात्यांचा मेलबॉक्स आर्काइव्ह करून अकाउंट बंद करून टाक. सोमवारी डिस्पॅचला नवीन माणूस येतोय, मेलचं लायसन्स त्याला लागेल."

यात साहेबांचं काही चुकलं नाही. गेलेल्या माणसाचे मेल ठेवायचे, माणूस लिस्टमधून काढायचा. अशी कितीतरी अकाउंट मी बंद केलीत, जेवणाचा डबा उघडता उघडता.

आज मात्र हात चालेना.

तात्या गेल्याच्या मेलला एकाचंही उत्तर आलं नव्हतं. येणार कसं, त्या लिस्टला उत्तर बंद आहे. त्यातूनही वाट काढून पोच देणारा कंपनीत एकच माणूस होता, आणि त्याच्यापर्यंत मेल गेलाच नव्हता.

मी आधी त्यांची जागा वाढवून दिली. कोणाला विचारलं नाही. मग एचआरचा तो मेल त्यांना परत पाठवला.

गेला. या वेळी उलटा आला नाही.

आणि मग मी थांबले. वेड्यासारखी स्क्रीनकडे बघत. एरवी हातातला चहा संपायच्या आत तात्यांची पोच यायची. चहा घेतला. तो तसाच गार झाला. बाहेर लोडिंगला गाडी लागत होती, ड्रायव्हर कोणालातरी हाका मारत होता.

काही आलं नाही.

अंत्यविधीला मी गेले होते. डिंगोऱ्याच्या स्मशानात सगळ्यांबरोबर उभी होते. तरी ते गेलेत हे तिथे खरं वाटलं नव्हतं. आज खुर्चीत बसल्या बसल्या वाटलं, आणि भरपूर रडले.

मग तोंड धुऊन आले. आर्काइव्ह लावलं, पूर्ण झालेलं तपासलं, अकाउंट बंद केलं. सिस्टीमने विचारलं, नक्की का? हो म्हटलं.

खूप दमलेय आज.

या पोस्टवर उत्तरं बंद नाहीत. तात्यांना ओळखत असाल तर खाली ओ द्या, एका शब्दाची चालेल.

तात्या, तुमची प्रत्येक पोच मला मिळाली होती.

रामराम.