विकेटकीपरचा सत्कार

आपण वर्ल्ड कप जिंकलो त्यानंतरचा हंगाम. चामोर्शीतल्या आमच्या क्लबानं सर्वोत्तम खेळाडू म्हणून विकेटकीपरची निवड केली, आणि कुणी हरकत घेतली नाही. घेणार कशी? धान निघालं की आम्ही रिकाम्या बांधीतच, म्हणजे भातखाचरातच, खेळायचो. तिथल्या धसकटांवर टप्पा पडला की चेंडू कुठं उसळेल ते टाकणाऱ्यालाही कळत नसे. टाकणारा मीच, म्हणून सांगतो. माझ्या नावावरचे निम्मे बळी खरं तर त्याचे होते. तो पेशानं शिंपी. सगळं गाव त्याला मास्टर म्हणे. ग्लोव्ह्जही त्यानंच शिवलेले, जुन्या रेक्झिनचे, आत कापूस भरून.

मी सांगलीकडचा, सातवीतून शाळा सोडलेला. राईस मिलचं यंत्र बसवणाऱ्या मिस्त्रीबरोबर आलो. मिस्त्री परत गेला, मी राहिलो. मिलमालक भाऊंनी दाखला न विचारता कामावर घेतलं, मिलमागची खोली दिली. ते उपकार मी आजही मानतो. क्लबाचे अध्यक्षही तेच. त्यामुळे त्यांच्या कपाळाला आठी पडली की मी हातातलं काम टाकून त्यांच्यापुढे उभा राहायचो.

सत्कार मिलच्या अंगणात होता, रविवारी सकाळी. हार आणायचं काम माझ्याकडे. पाहुणे सहा आणि मास्टर, म्हणून सात आणले. मास्टरचा मुद्दाम जाड करून घेतला होता, झेंडूत मध्ये मध्ये शेवंती घालून.

पण आपल्याकडे ज्याचा सत्कार असतो तो शेवटी. आधी पाहुणे. सहाही जणांना हार घालून झाले, सहाही जण बोलले. कुणी शिस्तीवर, कुणी रस्त्यावर, एक तर स्वतःच्या कॉलेजातल्या कबड्डीवर. मास्टर बाजूच्या बाकावर, इस्त्रीचा सदरा घालून, हात मांडीवर ठेवून बसलेला. एकानंही त्याच्याकडे पाहून दोन शब्द काढले नाहीत. माझं डोकं तिथंच तापायला लागलं होतं.

तेवढ्यात सावली गावचे भाऊंचे व्याही जीपमधून उतरले. आले होते धानाच्या सौद्याला. बॅट कुठल्या बाजूनं धरतात हेही त्यांना ठाऊक नसेल. पण सचिवानं माइकवर त्यांचं स्वागत सुरू केलं आणि भाऊंनी माझ्यापुढे हात केला.

परातीत एकच हार उरला होता.

"भाऊ, हा मास्टरचा आहे," मी म्हणालो.

"मले माहीत आहे. दे."

मी हललो नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "अबे, सांगलीवाला रुसून राह्यला." लोक हसले. भाऊंचा हात तसाच पुढे होता आणि चेहरा बदलत चालला होता. मी मास्टरकडे पाहिलं. त्यानं हनुवटी जराशी हलवली, देऊन टाक म्हणून. मी दिला.

व्याह्यांनी तो दोन मिनिटं घातला आणि काढून टेबलावर ठेवला. मग मास्टरचं नाव पुकारलं गेलं, आणि सचिवानं टेबलावरचा तोच हार उचलून त्याच्या डोक्यावरून घालायला आणला. व्याह्यांच्या मानेचा घाम लागलेला हार. मास्टरनं तो दोन्ही हातांनी वरच्यावर धरला, परत टेबलावर ठेवला, सगळ्यांना नमस्कार केला आणि जागेवर जाऊन बसला. टाळ्या पडल्या. कुणाच्या काही लक्षातच आलं नाही. मला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा आला.

दुपारी त्याच्या दुकानात जाऊन मी तोंडाला येईल ते बोललो. सचिवाला, पाहुण्यांना, मिलमालकालाही सोडलं नाही. तो पायजमा शिवत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "हार नसता देल्ला, तं तुही खोली राह्यली असती का?"

"ते मी बघितलं असतं."

"काय पाह्यलं असतं? कुठी गेला असता?"

मी आणखीच चिडलो. म्हणालो, माझं सोडा, तुम्ही का गप्प बसलात? सत्कार तुमचा होता. एक शब्द तरी बोलायचा होता.

मशीन थांबली.

"मले काई वाटलं नाई, असं समजून राह्यला का तू?" तो म्हणाला. "ह्या दुकानाची जागाबी भाऊचीच आहे."

आणि पायजम्याची दुसरी बाजू सुईखाली घेऊन तो पुन्हा शिवू लागला.