मामांच्या नावाचा भंडार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. पस्तीस वर्षांपूर्वी, बहात्तरच्या दुष्काळाआधी, आमच्या गावच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मी एका माणसासाठी सव्वीस घरांना भंडार उचलायला लावला, आणि त्या माणसाला ते अजून ठाऊक नाही.

भंडार उचलणं म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणाला समजावून द्यावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. खंडोबाच्या देवळातला हळदीचा भंडार चिमूटभर तळहातावर घ्यायचा, वर बेलाचं पान ठेवायचं आणि अमक्याला मत देईन असं म्हणायचं. एकदा म्हटलं की संपलं. मग दुसऱ्यानं काहीही देऊ केलं तरी माणूस हलत नाही. शिक्का मारताना आडोशाला कुणी बघत नसतं, पण खंडोबा बघत असतो.

ज्यांच्यासाठी मी हे केलं ते ख्रिस्ती होते. आम्ही त्यांना कंपाउंडर मामा म्हणायचो. भिंगारच्या एका दवाखान्यात तीस वर्षं औषधं कालवून ते पेन्शनीत गावी परतले, ते एक सायकल, एक बाजाची पेटी आणि बाटल्यांनी भरलेली एक लाकडी पेटी घेऊन. नगरहून येताना सुप्याच्या अलीकडे डावीकडे आत वळलं की आमचं गाव, आणि गावाच्या शेवटाला त्यांचं दोन खोल्यांचं घर. ताप असो, खोकला असो, ते आधी काल काय खाल्लं ते विचारायचे आणि मग लाल औषध द्यायचे. बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून द्यायचे, एका खाचेला एक डोस. ती पट्टी कातरताना त्यांची जीभ किंचित बाहेर यायची. आईला विषमज्वर झाला तेव्हा एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ ते सायकलवरून येत होते. एकविसाव्या दिवशी तिनं पेज मागितली, तर बाहेर येऊन ओसरीवर गपचूप डोळे पुसले आणि मला म्हणाले, मीठ कमी घाल.

मी तेव्हा नगरच्या कॉलेजातून बी.ए. होऊन घरी बसलो होतो. नोकरी नव्हती, बोलायला भरपूर होतं. आमच्या वॉर्डात एकच सदस्य वर्षानुवर्षं बिनविरोध यायचा. दोन विहिरींचा मालक, माणूस वाईट नव्हता, पण पाण्याचा विषय निघाला की त्याला झोप यायची. आम्ही चार-सहा तरुणांनी ठरवलं, मामांना उभं करायचं. मामांनी आधी नको म्हटलं. पंचायतीच्या सभा रविवारी होतात आणि रविवारी मला उपासनेला जावं लागतं, हे त्यांचं कारण. सभेचा वार बदलून घेऊ, असं आम्ही कबूल केल्यावर तयार झाले.

पुढचे तीन आठवडे पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर दुसरा विषय नव्हता. जत्रेला देवाच्या काठीपुढं पंचायतीचे मेंबर चालतात, मामा चालणार का? प्रचाराचा नारळ मारुतीपुढं फोडणार का? फोडला तर त्यांच्या देवाला काय वाटेल, आणि नाही फोडला तर आपल्या देवाला काय वाटेल? मी ठणकावून सांगायचो की उमेदवाराचा देव हा त्याच्या घरातला विषय आहे, मत द्यायचं ते कामाला. राज्यघटना वगैरे मध्ये आणायचो. गिरणीवाला पट्टा चढवता चढवता म्हणाला, "मग भिंतीवर नावाआधी 'मामा' का लिवतोस रं? ते बी घरातलंच नातं हाय की." सगळे हसले. खरं सांगायचं तर मामा हा शब्द मी मतांसाठीच लिहिला होता.

आणखी एक गोष्ट आज मोकळेपणानं लिहितो. ओट्यावर धर्माचं बोलणं चालायचं, पण त्यातल्या निम्म्यांच्या मनात जात होती. मामांचे आजोबा बाप्तिस्मा घेण्याआधी कुठल्या आळीत राहत होते, हे प्रत्येकाला माहीत होतं. ते तोंडावर काढायची लाज वाटायची. धर्माचं काढायला लाज वाटत नव्हती. मामांनाही हे कळत असणार. त्यांनी एकदाही तसं दाखवलं नाही.

आई या वादात फक्त एकदा बोलली. "माज्या काखेत थर्मामीटर लावला तवा मी त्येंचा देव इचारला न्हाई," ती म्हणाली, आणि भाकरी थापायला लागली.

एका संध्याकाळी मामा स्वतःच ओट्यावर आले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं त्यांना सरळ विचारलं की देवळाला चुना लावायचा ठराव आला तर हात वर करणार का.

"करणार," मामा म्हणाले. "देऊळ गावाचं आहे. मी पाया पडणार नाही, पण चुना पातळ लावलेला दिसला तर गवंड्याशी पहिलं भांडण माझं."

म्हाताऱ्याला ते पटलं. त्यानं तंबाखूची चंची पुढं केली. मामा तंबाखू खात नसत, पण त्यांनी चंची हातात घेतली, बघितली, छान शिवली आहे म्हणाले आणि परत दिली. मग कुणीतरी मुद्द्याचं काढलं. समोरच्या उमेदवारानं, म्हणजे त्या दोन विहिरींच्या मालकानं, देवळात भंडार ठेवून घरं बोलवायला सुरुवात केली होती. मामा काय करणार?

मामा ओट्यावर जरा पुढं सरकून बसले. मग म्हणाले, "मी कुणाला भंडार उचलायला लावणार नाही. आमच्यात शपथ घेत नाहीत आणि तुमच्यात घेतलेली मोडत नाहीत. मग मी ती कुठल्या तोंडानं मागू? मला हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. तेवढं पुरे."

मला त्या क्षणी मामांचा इतका अभिमान वाटला की मी उठून उभा राहिलो. का उठलो ते मलाच कळेना, म्हणून पाणी प्यायला गेल्यासारखं केलं.

अभिमान चार दिवस टिकला. समोरून भंडार फिरत होता आणि मी वहीत घरं मोजत होतो. जी घरं मामांना "हो" म्हणाली होती त्यांतली काही देवळात जाऊन आली, असं कानावर यायचं. मतदान बुधवारी होतं. आदल्या रविवारी सकाळी मामा नेहमीसारखे इस्त्रीचा शर्ट घालून नगरच्या एस.टी.ची वाट बघत उभे. मी हाता-पाया पडलो की आजचा एक दिवस राहा, घरोघर जाऊ. ते म्हणाले, "अरे, जो माणूस मतांसाठी आपला रविवार सोडतो, तो उद्या आणखी काय काय सोडेल?" एवढं बोलून ते गाडीत चढले.

गाडीची धूळ खाली बसायच्या आत मी ठरवलं होतं. हात धुतले, चपला काढल्या, देवळात गेलो आणि पितळेच्या वाटीत भंडार घेतला. मी स्वतः त्या भंडाराला मानतो की नाही हे मला आजही नीट सांगता येत नाही. वाटीवर पंचा झाकला होता एवढं आठवतं. उन्हाची चव जिभेवर येईल असं ऊन होतं. सव्वीस घरं झाली. जी डळमळीत वाटत होती तीच घेतली.

पहिलंच घर आमच्या भावकीतल्या एका विधवा आत्याचं. ती कांदे निवडत बसली होती. वाटी बघून तिनं हात पुसले, पण पुढं केला नाही.

"कंपाउंडर तर म्हनला हुता, भंडार न्हाई म्हनून."

"आत्या, ते चारचौघांत म्हणाले."

"मंग त्येनीच धाडलं व्हय तुला?"

मी एखादा श्वास थांबलो असेन. जास्त नाही.

"व्हय," मी म्हणालो. "त्यांनीच धाडलं."

आत्यानं हात पुढं केला. बेलाचं पान ठेवून शब्द दिला आणि भंडार कपाळाला लावला. पुढच्या पंचवीस घरांत मी कुणावर विचारायचीही वेळ येऊ दिली नाही. दारातच सांगून टाकायचो, मामांनी धाडलंय, बोलू नका कुठं, त्यांच्या चर्चमध्ये कळलं तर बरं दिसणार नाही. लोक समजुतीनं मान हलवायचे. एका घरी तर मला ताक दिलं.

मामा नऊ मतांनी निवडून आले. गुलाल उधळला तेव्हा ते डोळे मिटून कडेला उभे होते, ओठ हलत होते. मग आमच्या ओसरीवर आले, आईला नमस्कार केला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बघितलंस? नुसत्या शब्दावर." त्यांचा चेहरा असा उजळलेला मी त्याआधी एकदाच पाहिला होता, आईनं पेज मागितली त्या दिवशी. मी म्हणालो, हो मामा.

त्यानंतर दुष्काळ आला. विहिरी आटल्या, टँकर सुरू झाला, आणि पाणी वाटायचं काम मामांकडे आलं. हंडे कुणाचेही असोत, रांग मोडू दिली नाही. दोन विहिरींच्या मालकाची सूनही इतरांसारखीच रांगेत उभी राहायची, आणि ती गरोदर आहे हे कळल्यावर तिचा हंडा मामा स्वतः सायकलला बांधून पोचवू लागले. एके दिवशी मी टँकरपाशी उभा होतो, तिथं आत्या आली. मामांकडे मायेनं बघत ती मला हळूच म्हणाली, "लई भला मानूस. आन् आपल्या देवालाबी मानतोय. बोलतो एक, पर लागलं तवा भंडारच आठवला का न्हाई त्येला? आपल्यासारकाच हाय बग."

त्या बाईला हे कौतुक वाटत होतं. मला मात्र तिथं पहिल्यांदा कळलं मी काय करून ठेवलंय ते. मी समजत होतो की चार शपथा घालून एका चांगल्या माणसाला निवडून आणलं. प्रत्यक्षात सव्वीस घरांच्या लेखी मामा एक बोलणारे आणि दुसरं करणारे झाले होते. ते त्यांना आवडत होते, बहुतेक त्यामुळेच जास्त आवडत होते. ज्या एका गोष्टीवर हा माणूस उभा होता, तीच मी त्यांच्या माघारी विकली होती, आणि विकत घेणाऱ्यांनी ती प्रेमानं घेतली होती. मी आत्याचा हंडा उचलून दिला.

तेव्हा गप्प राहायला कारण होतं. मामांना कळलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला असता, आणि टँकरच्या रांगेचं काय झालं असतं देव जाणे. पण पाऊस आला, टँकर बंद झाला, मुदत संपली, मामा पुन्हा उभे राहिले नाहीत. कारण संपलं तरी मी गप्पच राहिलो. मला शाळेत नोकरी लागली. निवडणुकीत धर्म आणू नये यावर मी वर्गात दरवर्षी बोलत आलो, आणि मुलं ते परीक्षेत लिहीत आली.

तीन वर्षांपूर्वी पंचायतीची नवी इमारत झाली. जुन्या सदस्यांना शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं. मामा म्हातारपणी लेकीकडे भिंगारला राहायला गेले होते, तिथून तिच्याबरोबर आले, काठी टेकत. नारळ हातात घेऊन म्हणाले, आता तर हा घेतलाच पाहिजे, आणि सगळा मांडव हसला. मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी ते कुठंही सांगतात. समोरून भंडार फिरत होता, मी शपथ मागितली नाही, आणि या गावानं मला नुसत्या शब्दावर मत दिलं. तरुण पोरं टाळ्या वाजवत होती. मागं बसलेल्या म्हाताऱ्या माणसांत मला त्या घरांतली तोंडं दिसत होती. कुणी जमिनीकडे बघत होतं, कुणी मिशीत हसत होतं. एकानं शेजाऱ्याला कोपर मारलं. त्यांच्या दृष्टीनं मामा भर सभेत थाप मारत होते, आणि ते त्यांना सांभाळून घेत होते.

मामांना दिसतं कमी. त्यांनी माझ्या दिशेला अंदाजानं काठी केली आणि म्हणाले, "खोटं वाटत असेल तर याला विचारा. हा होता माझ्याबरोबर."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "खरं आहे."

घरी परतताना बायकोनं विचारलं, तुम्हाला घाम का येतोय. मी ऊन म्हणालो.

मामा आता सत्त्याऐंशीचे आहेत. दर नाताळला मी त्यांच्याकडे जातो, ते माझा हात हातात धरून आईची आठवण काढतात आणि लेकीला मला करंज्या बांधून द्यायला लावतात. मी करंज्या घेऊन येतो. हे लिहिलेलं त्यांना आता वाचता येणार नाही, कुणीतरी वाचून दाखवील, आणि तसं त्यांना कळू नये. आत्या गेली. त्या सव्वीस घरांतल्या, भंडार उचललेल्या माणसांपैकी अकरा जण गावात आहेत.

मामांसमोर बसून मी ते शपथांचं सांगायला हवं, आणि मांडवात त्यांच्या तोंडावर खोटं बोललो हेही. त्या अकरा जणांना सांगायला हवं की मला मामांनी धाडलं नव्हतं. या दोन्हींतलं मी अजून काहीच केलेलं नाही.